सतरा नंबरची हजेरी

आमच्या होस्टेलमध्ये माणसाला नाव नसे, खोलीचा नंबर असे. वरच्या वर्गातल्या मुलांना एकेकट्याच्या खोल्या मिळत आणि तो नंबर पुढे जन्मभर चिकटून राही. मी सोळा. माझ्या भिंतीपलीकडचा सतरा. जेवणं झाली की रेक्टर व्हरांड्याच्या टोकाला उभे राहून नंबर पुकारत आणि आम्ही आपापल्या दारातून ‘हजर’ म्हणत असू. कोणी सिनेमाला गेला असेल तर शेजारच्याने आवाज बदलून त्याची हजेरी लावायची. प्रॉक्सी लावणं हा शेजारधर्मच होता. हजेरी झाली की रेक्टर सूचना सांगत. पाणी कधी येणार, मेसची फीस्ट कोणत्या रविवारी, कोणाच्या घरून निरोप आलाय.

हे सगळं आम्ही शारजात, माजी विद्यार्थ्यांची शाखा काढून, पुन्हा सुरू केलं होतं; म्हणजे मी सुरू केलं होतं. आता त्या शाखेची स्मरणिका निघते आहे आणि संस्थापक म्हणून माझ्याकडे आठवणी मागितल्या आहेत. मी एक लेख लिहिला होता. त्यात खालिद लगूनच्या काठची पहिली बैठक होती, खोरफक्कानची सहल होती, फोटोंच्या जागाही दाखवल्या होत्या. तो मी पाठवला नाही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण शाखा मध्यंतरी का मोडली हे त्यात नव्हतं. ते माझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही.

मी अल मजाजमध्ये राहत होतो. एका काँट्रॅक्टिंग कंपनीत इलेक्ट्रिकलच्या एस्टिमेशनला होतो. महिन्यातून एका शुक्रवारी आळीपाळीने कोणाच्या तरी घरी आम्ही जमत असू. ज्याच्या घरी बैठक तो त्या दिवशीचा रेक्टर. वेगवेगळ्या वर्षांची मुलं असल्यामुळे कधी नंबर एकच निघे, मग थोरला बावीस आणि धाकटा बावीस. टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं दिवाणखान्यात रांगेने बसून ‘हजर सर’ म्हणत आणि बायका स्वयंपाकघरातून हसत. हजेरीनंतर सूचना. कोणाला अल नाहदात फ्लॅट हवाय, कोणाचा मेहुणा व्हिजिट व्हिसावर येतोय, कोणाच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळत नाही. दिसायला थट्टा, पण त्या सूचनांमधून किती जणांची कामं झाली होती. नोकऱ्याही लागल्या होत्या. दुसरीकडे कुठे जे मागायला लाज वाटायची ते सूचनांमध्ये सांगता येई, कारण सांगायचं काम रेक्टरचं असे.

सतरा मुसफ्फात एका फॅब्रिकेशन यार्डमध्ये प्रॉडक्शन मॅनेजर होता. अबुधाबीहून शारजापर्यंत गाडी हाकत यायचा, एकही शुक्रवार चुकवायचा नाही. येताना मटण मॅरिनेट करून आणायचा आणि माझ्या बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर काढायचा. ‘वहिनी, यल्ला, आज तुमची सुट्टी.’ ती त्याला सतरा भाऊजी म्हणे. कोणाचा वाढदिवस, कोणाचे वडील आजारी, कोण परत जायचं म्हणतोय, हे सगळं त्याच्या डोक्यात असे. शाखा माझ्या नावावर होती. ती चालवत तो होता.

मंदी आली ती आमच्याकडे आवाज न करता आली. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकाच जागी तोंड करून उभ्या राहिल्या. ऑफिसमध्ये टेंडरं येईनात. एचआरमधली बाई एकेकाला बोलावून बिनपगारी रजेवर पाठवू लागली. ‘दोन महिने गावी जाऊन या, इन्शाल्ला मार्केट सुधारेल.’ गेलेले परत आले नाहीत. माझी मुलगी बारावीला होती. वय पन्नाशीच्या पुढे. या वयात दुसरीकडे कोण घेणार, हा विचार मी दाढी करताना करायचो, गाडी चालवताना करायचो.

अशातच एका संध्याकाळी मी लगूनच्या काठाने चालत असताना सतराचा फोन आला.

‘सोळ्या, यार्ड बंद झालं रे. खलास.’

‘कधी?’

‘झाले काही दिवस. हिला आणि पोराला सांगलीला पाठवून दिलं. मी लेबर कॅम्पच्या बाजूला एक खोली घेऊन राहतोय.’

मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही.

‘ऐक. शुक्रवारी तुझ्याकडे आहे ना? मी येत नाही. सूचनांमध्ये माझं सांग.’

‘अरे, ये की. तूच सांग.’

‘नको. मी समोर बसलेला असताना कोणाला नाही म्हणता येणार नाही. आणि कोणी हो म्हटलं तर ते भिडेनं म्हटलंय का, ते मला कळणार नाही. मी नसताना सांग. ज्याला जमेल तो फोन करील. ज्याला जमणार नाही त्याला माझं तोंड बघायला नको. सांगशील ना नीट?’

‘सांगतो,’ मी म्हणालो. आणि तेव्हा मी सांगणारच होतो.

शुक्रवारी सगळ्यांच्या आधी एकतीस आला, बर्फाच्या पिशव्या घेऊन. आमच्याहून चार वर्षांनी मागचा, बोलायला मोकळा, सगळ्यांना टपल्या मारणारा. तो एका कूलिंगच्या कंपनीत बऱ्याच वरच्या जागेवर होता. बाल्कनीत उभं राहून तो मला हळूच म्हणाला, ‘सोळा, आपल्यातच ठेव. आमच्याकडे एक जागा निघेल बहुतेक. साइटवरचा अनुभवी माणूस पाहिजे. तुझ्या ऑफिसचं काही खरं नाही ऐकतोय. बघ, इंटरेस्ट असेल तर.’

बाल्कनीतून आत येईपर्यंत ती जागा माझ्या मनात माझी झाली होती.

हजेरी सुरू झाली. रेक्टर मीच. सोळा नंबर स्वतःच पुकारून स्वतःच हजर म्हणायचं, त्यावर लोक दरवेळी हसत तसे हसले. मग मी म्हणालो, ‘सतरा.’

कोणी बोललं नाही. मी वर पाहिलं. तेवढ्यात मागून एकतीसने नाक दाबून, अगदी सतराच्या गेंगाण्या आवाजात ‘हजर सर’ म्हटलं आणि घर हसण्याने भरून गेलं. थोरला बावीस म्हणाला, ‘रेक्टर म्हातारे झाले, त्यांना ऐकू येत नाही. लावून टाका.’ मीही हसलो. आणि अठरा पुकारला.

मग सूचना. फ्लॅट शेअर करण्याची एक सूचना होती ती सांगितली. सहल पुढे ढकलल्याचं सांगितलं. मग मी थांबलो. आता सांगायला हवं हे मला कळत होतं. समोर एकतीस बसला होता आणि साइटवरचा अनुभव माझ्याहून सतराचा जास्त होता. आतून बायकोने विचारलं, ‘पानं घेऊ का?’ मी म्हणालो, ‘घे.’

पुढच्या महिन्यात सांगू, असं मी स्वतःला म्हणालो. आधी माझं नक्की होऊ दे, मग दुसरं काहीतरी त्याच्यासाठी बघू. जेवताना बायकोने विचारलं, ‘भाऊजी का नाही आले?’ मी म्हणालो, ‘यार्डमध्ये काम आहे.’ ते वाक्य सगळ्या टेबलाने ऐकलं.

संध्याकाळी मगरिबच्या बांगेच्या सुमाराला सतराचा फोन आला.

‘सांगितलंस?’

‘सांगितलं.’

‘काय म्हणाले?’

‘बघतो म्हणाले सगळे. वाईट वाटलं सगळ्यांना.’

‘एकतीस होता?’

‘होता.’

‘त्याच्या कंपनीचं बरं चाललंय ना?’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘ठीक आहे. करतील फोन.’

मी हे इतक्या सहज बोललो की फोन ठेवल्यावर काही झाल्यासारखंही वाटलं नाही. न सांगणं हा भित्रेपणा होता. तो कदाचित कोणी माफ केला असता. पण सांगितलं असं सांगणं ही वेगळी गोष्ट होती. त्या एका शब्दाने वीस-बावीस मित्रांना मी त्याच्या नजरेत असं करून टाकलं की, त्यांनी सगळं ऐकलं, हळहळले आणि पोट भरून जेवून घरी गेले. आणि त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

एकतीसच्या कंपनीतली ती जागा निघालीच नाही. वरून भरती बंद झाली. माझ्या कंपनीने माझा पगार कापला आणि मला ठेवून घेतलं. म्हणजे जे मिळवण्यासाठी मी गप्प बसलो ते तिथे नव्हतंच. हे मी सुटका म्हणून लिहीत नाही. जागा निघाली असती तर मी ती घेतली असती.

सतराने काही आठवडे वाट पाहिली. मग उम्म अल कुवैनमध्ये कोणाच्या तरी ओळखीने एका शेडमध्ये त्याला काम मिळालं. ग्रिल, रेलिंग, पाण्याच्या टाकीची स्टँडं. ज्याने जहाजाच्या जेट्टीचे सांगाडे उभे केले तो आता बाल्कन्यांचे कठडे करवून घेत होता. मला फोनवर त्याने एवढंच सांगितलं. पुढे पुढे त्याचे फोन आखूड होत गेले, मग थांबले. मी केले नाहीत. केले असते तर त्याने विचारलं असतं, कोणीच का फोन केला नाही रे?

त्यानंतरच्या बैठकांमध्ये सतराची प्रॉक्सी हा नेमच झाला. कोणीतरी नाक दाबायचं, सगळ्यांनी हसायचं. तो येत नाही हे कोणाच्या लक्षात येत नव्हतं असं नाही. पण हजेरी लागत होती, त्यामुळे विचारण्याची वेळ कोणावर येत नव्हती. शेवटी गणपतीच्या दिवसांत एकतीसने त्याला फोन लावला. बैठकीत आम्हाला त्याने तो प्रसंग रंगवून सांगितला.

‘मी म्हटलं, काय सतरा, टेन्शन नको घेऊ. तू नसलास तरी तुझी हजेरी आम्ही दर महिन्याला लावतोय. फर्स्ट क्लास चाललंय आमचं. तर फोनच ठेवला साहेबांनी. परत लावला तर उचलेना.’

‘माज आलाय,’ कोणीतरी म्हणालं.

‘अबुधाबीवाले ना. शारजाचं पाणी कसं चालेल?’

सतराच्या कानावर ‘फर्स्ट क्लास चाललंय आमचं’ हे वाक्य कसं पडलं असेल हे त्या खोलीत मला एकट्याला कळलं. मी उठून पाणी प्यायलो.

शाखा मग फार दिवस चालली नाही. काही जण परत गेले, काही कतारला. उरलेल्यांना एकमेकांची खबर ठेवणारा कोणी नव्हता. आपोआप जमत होतो असं सगळ्यांना वाटत होतं. आपोआप काहीच होत नव्हतं हे तो गेल्यावर कळलं. पण लोकांच्या बोलण्यात कारण असं राहिलं की सतराने अंग काढून घेतलं आणि मोडली. बायको अधूनमधून विचारायची, ‘भाऊजींचं काही कळलं?’ मी म्हणायचो, ‘बिझी असेल.’ मुलगी तेव्हा सगळं इंग्रजीतच बोलायची. एकदा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, ‘बाबा, जस्ट कॉल हिम, नो?’

काही वर्षांनी एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे पस्तिशीची, अबुधाबीत स्ट्रक्चरल इंजिनिअर. आमच्याच कॉलेजची. शाखा पुन्हा सुरू करायची म्हणत होती. मी विचारलं, ‘तुमचा नंबर काय?’ ती म्हणाली, ‘सर, आमच्या लेडीज होस्टेलच्या खोल्यांना नद्यांची नावं होती. मी इंद्रायणी.’ पहिल्या बैठकीला एकतीस म्हणाला, ‘म्हणजे आता नद्याही हजेरीला? पूर येईल.’ ती म्हणाली, ‘सर, तुमचं सगळं आटलंय म्हणून तर आलोय आम्ही.’ तेव्हा खूप दिवसांनी मी सगळ्यांना एकत्र हसताना पाहिलं.

त्या बैठकीत एकतीसने सतराची गोष्ट नव्या मुलांना सांगितली. माज, ठेवलेला फोन, सगळं. त्यात नवीन एक भर होती. ‘माझे वडील गेले, दुबईतच, माझ्याकडे आलेले असताना. बॉडी पाठवायला तीन दिवस लागले. सगळे येऊन गेले. हा तिकडे अबुधाबीत बसलेला. एक फोन नाही.’ हे सांगताना मात्र त्याने आवाज बदलला नाही.

इंद्रायणी ऐकत होती. पुढच्या आठवड्यात तिने मला फोन केला. एका साइटच्या रेलिंगची तपासणी करायला ती उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात गेली होती आणि तिथला म्हातारा मॅनेजर वेल्डरवर ओरडताना मध्येच मराठीत घसरला, म्हणून चौकशी केली तर तो सतरा निघाला.

‘सर, मी त्यांना म्हटलं बैठकीला या. ते म्हणाले, माझं यार्ड बंद झाल्याचं त्या सगळ्यांना माहीत होतं, तरी एकानेही फोन केला नाही, आता कशाला? पण एकतीस सरांच्या बोलण्यावरून तर त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सर, दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?’

‘दोघंही नाही,’ मी म्हणालो.

तिने पुढे विचारलं नाही, हे तिचे उपकार.

मी उम्म अल कुवैनला गेलो. दुपारची वेळ होती. शेडमध्ये ग्राइंडर चालू होता, ठिणग्या उडत होत्या. सतरा एका टेबलाशी चहाचा कागदी कप घेऊन बसला होता. केस सगळे गेले होते. मला पाहून उठला नाही, पण खुर्ची पुढे सरकवली. इतकी वर्षं यंत्रांत काढल्याने त्याला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं; डावा कान पुढे करून तो ऐकत होता.

मी म्हणालो, ‘मी त्या दिवशी तुझं सांगितलं नव्हतं.’

‘काय?’

मी मोठ्याने म्हणालो. ग्राइंडरमध्ये तेही विरलं. त्याने हात वर करून मशीन बंद करायला लावलं. शेड एकदम शांत झाली. कामगार आमच्याकडे बघू लागले. ‘आता बोल,’ तो म्हणाला.

तिसऱ्यांदा मी हळू आवाजात सांगितलं. सूचनांमध्ये सांगितलं नाही. तुला फोनवर खोटं बोललो. एकतीसच्या कंपनीत जागा निघणार होती, तिच्यावर माझा डोळा होता.

‘म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं?’

‘कोणालाच नाही.’

‘एकतीसला?’

‘त्यालाही नाही. फोनवर तो थट्टा करत होता. रोजच्यासारखी.’

त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं आता शिव्या देईल. मी त्यासाठीच आलो होतो. तो म्हणाला, ‘त्याचे वडील गेले ते मला त्याच दिवशी कळलं होतं. गाडीची चावी हातात घेऊन मी या इथे उभा होतो. मग म्हटलं, त्याने माझ्या वेळी काय केलं? चावी ठेवून दिली.’ मग म्हणाला, ‘ते आता कुठे नेऊन ठेवू?’



उठताना तो म्हणाला, ‘मला सांगून तू मोकळा झालास असं समजू नकोस. एकतीसला सांग. तुझ्या तोंडाने. तोपर्यंत मी तिकडे यायचा नाही.’ मग त्याने कामगाराला खूण केली आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मी एकतीसला सांगितलं नाही. बैठकांना जात राहिलो. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून जायचो आणि मला संस्थापक म्हणून पहिल्या रांगेत बसवायचे. मग निवृत्त झालो, व्हिसा रद्द झाला, पुण्याला आलो. शाखा आता चांगली चालते. सुट्टीचा वार बदलल्यापासून रविवारी भरते. नव्या मुलांमध्ये सतराची गोष्ट अजून सांगितली जाते, गमतीची म्हणून. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही तेही माज म्हणतात.

स्मरणिकेचं पत्र आलं तेव्हा मी तो पहिला, फोटोंचा लेख लिहिला. तो वाचून पाहिला आणि मला माझाच कंटाळा आला. एवढ्या वर्षांचा कंटाळा. मग मी एकतीसला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो नेहमी मध्ये बोलणारा माणूस. एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, ‘बाबांच्या तेराव्याला लोकांना मी सांगत होतो रे त्याच्याबद्दल.’ मग म्हणाला, ‘त्याचा आत्ताचा नंबर दे.’ मी दिला. त्याने ‘ठेवतो’ म्हटलं, आणि नेहमीसारखं ‘सोळा’ म्हटलं नाही.

त्या दोघांचं बोलणं झालं का, हे मला माहीत नाही. मला कळवावं असं त्यांना वाटण्याचं कारणही नाही.

हा मजकूर मी इंद्रायणीला पाठवला आणि लिहिलं की सतराला वाचायला दे. त्याची हरकत असेल तर छापू नकोस, किंवा एकतीसच्या वडिलांचा भाग तेवढा काढ, त्यात सतराला उगाच कमीपणा येतो. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. तो म्हणाला होता, छापा. बाकी सोळाला काय काढायचं ते काढू दे. वडिलांचं तेवढं राहू द्या, ते माझं आहे.